चौदा सप्टेंबरची डिस्क

रविवार, १ जून २००८

आलो एकदाचा चेन्नईला. स्टेशनपासून वेलचेरीपर्यंत रिक्षावाल्याशी खुणांनी बोललो आणि तरी बरोबर दारात उतरलो, म्हणजे या शहराचं आणि माझं जमणार. तमिळ येत नाही, एवढं एकच वाक्य तमिळमध्ये पाठ करून आलो होतो, तेही वाया गेलं. घरमालक बालाजीरावांनी दार उघडून विचारलं, "या पा, प्रवास बरा जाला की?" घरमालक मराठी आहेत हे कंपनीतल्या माणसानं सांगितलं होतं, पण ही तंजावरची मराठी, कित्येक पिढ्या तिकडेच राहिलेली. कुणी बखर वाचून दाखवतंय आणि मधेच तमिळ घालतंय असं वाटतं. काका-काकू म्हटलेलं त्यांना चाललं नाही. मामा आणि मामी म्हणायचं ठरलं.

मामा जॉर्ज टाउनमधल्या कागदाच्या पेढीत चाळीस वर्षं होते. कृष्णवेणीमामी बोलतात कमी, वाढतात जास्त. माझी खोली वर 'मोट्टैमाडी'वर, म्हणजे गच्चीवर. तीनच वर्षांपूर्वी बांधली, पांढरीशुभ्र आहे. खिडकीतून दोन अपार्टमेंटांच्या मधल्या फटीतून उंच खांबांवरची रेल्वे जाताना दिसते. सिरुसेरीच्या ऑफिसला नेणारी कंपनीची बस कोपऱ्यावर सव्वासातला. आईला मिरजेला फोन करून सगळं सांगितलं. ती एकटीच असते, त्यामुळे फोन लांबला.

खाली दिवाणखान्यात एका तरुणाचा फोटो आहे, चंदनाचा हार घातलेला. त्यांचा एकुलता एक मुलगा, सुंदर. सप्टेंबर २००३ मध्ये, एका सोमवारी सकाळी मोटारसायकलवरून कामाला गेला आणि लॉरीखाली आला. मामांनी हे एका दमात सांगितलं आणि लगेच पाण्याची टाकी कशी भरायची ते दाखवायला लागले.

रविवार, ८ जून

या घरातला देव मला आज कळला. सुंदरचा कॉम्प्युटर. जुना, पांढऱ्याचा पिवळा पडलेला, विंडोज अठ्ठ्याण्णव. मामी रोज सकाळी आंघोळ करून देवाला दिवा लावतात आणि मग हा चालू करतात. माऊस धरत नाहीत. सुंदरनं लावलेलं चित्र आणि त्यानं मांडलेले फोल्डर दहा मिनिटं नुसते बघतात आणि बंद करतात. पाच वर्षं.

गेल्या आठवड्यात निळा पडदा आला आणि यंत्र उठेना. मामी जेवलेल्या नाहीत असं मामांनी मला जिन्यात अडवून सांगितलं. मी म्हटलं, एवढंच ना. फुशारकी मारायची सवय आहेच मला. एक डिस्क बनवून देतो, म्हटलं. ती आत घातली की यंत्र आपल्या बिघडलेल्या पोटाकडे बघतच नाही, डिस्कवरून उठतं आणि सगळं पुन्हा जागच्या जागी लावून घेतं. मामी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. आज मला दोनदा पायसम मिळालं.

रविवार, १५ जून

सकाळपासून हेच काम. हार्ड डिस्क काढून माझ्या लॅपटॉपला जोडली आणि थक्क झालो. सुंदर माझ्याच जातीचा, नीटनेटका माणूस. त्यानं अख्ख्या यंत्राची नक्कल करून दुसऱ्या कप्प्यात ठेवली होती. तारीख १४ सप्टेंबर २००३. म्हणजे जाण्याच्या आदल्या दिवशी, रविवारी. मला फक्त स्टार्टअप फ्लॉपी शोधायची होती, ती आणि ही नक्कल एका सीडीवर लिहायची होती, आणि यंत्रानं आधी सीडी बघावी अशी बायोसमध्ये सोय करायची होती. दुपारी अडीचला डिस्क तयार.

चालवण्याआधी मी मामींना रीतसर सांगितलं, की या तारखेनंतर जे जे आलं असेल ते सगळं पुसलं जाईल. त्यांनी विचारलं, सगळं म्हणजे? मी म्हटलं, सगळं. चौदा तारखेला जे होतं तेवढंच उरणार. त्यांनी आणखी दोनदा विचारलं. मग 'बरं' अशा अर्थानं म्हणाल्या, "सरी. चालवा." वाय ही कळ त्यांनी स्वतः दाबली. वीस मिनिटांत सुंदरचं चित्र पडद्यावर. त्या रडल्या नाहीत, हसल्या. मला फार बरं वाटलं.

एकच खोट राहिली, घड्याळ १४ सप्टेंबर २००३ दाखवतंय. बोर्डवरची बॅटरी संपली असणार. उद्या नवी आणतो.

मंगळवार, १७ जून

बॅटरी बदलली, तारीख लावली. आज सकाळी पुन्हा १४ सप्टेंबर. मामी रोज आंघोळीनंतर डिस्क चालवतात. गरज नाही म्हणून सांगितलं. मान डोलावली आणि चालवली.

दुपारी ताप असल्यानं घरीच होतो. खाली तीन पानं मांडलेली दिसली. तिसरं माझं समजून बसायला गेलो, तर मामींनी हात आडवा धरला. रागानं नव्हे. नुसता धरला. मामा मान खाली घालून जेवत राहिले.

गुरुवार, १९ जून

फोटोवरचा हार नाही. धुवायला काढला असेल म्हटलं, पण चंदनाचा हार कोण धुतं.

माझ्या खोलीत ओल्या सिमेंटचा वास येतोय. भिंतीला हात लावला तर गार, आणि बोटाला गिलावा लागला. मामांना सांगितलं. ते वर आले, भिंत बघितली, माझ्याकडे बघितलं आणि उतरले.

शनिवार, २१ जून

सकाळपासून दुपारपर्यंत वीज नव्हती, त्यामुळे डिस्क चालली नाही. दुपारी माझी भिंत कोरडी खडखडीत. फोटोवर हार होता. मामी जमिनीवर भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या होत्या आणि तिसऱ्या पानावरचा भात तसाच होता. त्या पानाजवळच्या तांब्यातलं पाणी अर्धं प्यालेलं होतं.

तीन वाजता वीज आली. पंखा फिरायच्या आत मामी उठून बसल्या.

रविवार, २२ जून

हार नाही. फोटोही नाही, नुसता खिळा. भिंतीवरच्या रोज फाडायच्या कॅलेंडरवर १४ सप्टेंबर. साल बघायला जवळ गेलो आणि मामांनी माझा दंड धरून बाहेर नेलं.

मामा स्पष्ट बोलले. त्यांनाही मुलगा दिसतो. पहिल्या दिवशी नुसती सावली होती, आता भात मागून घेतो. डिस्क चालवली की रविवार. नाही चालवली की सोमवार, आणि सोमवारी तो जातो. तुमी नंतर आलां पा, ते म्हणाले. खोली नंतर जाली, तुमी नंतर आलां. डिस्क इथंच ठेवा आणि गावाला जावा, बिगीन जावा, पाय धरतों तुमचे. आणि खरोखर वाकले.

मी त्यांना उठवलं. विश्वास ठेवला नाही असं लिहिणार होतो. ठेवला. भीती वाटतेय.

मंगळवार, २४ जून

त्याला पाहिलं. सकाळी, लख्ख उन्हात. कॉम्प्युटरसमोर पाठमोरा, ओले केस, खांद्यावर पंचा. वळून त्यानं मला विनयानं तमिळमध्ये काही विचारलं, मग मराठीत, कोण हवं म्हणून. कॉम्प्युटरच्या दुकानातून आलांत की? बोटांना दहीभात लागलेला होता.

मामींनी त्याला सांगितलं, कोण नाही, जाईल आता.

बुधवार

रेल्वे ऐकू येत नाही. खिडकीतून बघितलं — खांब आहेत, वर काही नाही. समोरची दोन्ही अपार्टमेंटं नाहीत. तळं आहे आणि म्हशी. शेअर ऑटोला हात केला, थांबला नाही. पुढच्या बाईसाठी थांबला.

गुरुवार?

सव्वासातची बस आली नाही. गाड्या बदलत सिरुसेरीला गेलो. तिथं रान आहे. कुंपणही नाही. एक माणूस बकऱ्या चारत होता, त्याला मी तीनदा हाक मारली. चौथ्यांदा वळला, तेही माझ्याकडे नाही.

परत आलो तर जिना आहे, खोली नाही. गच्ची मोकळी. माझी बॅग उन्हात पडलेली, तिच्यावर सिमेंटची धूळ.

सगळी दुकानं बंद. रविवार आहे म्हणे. रोज रविवार.

—

डिस्क काढून घेतली. मामी आंघोळीला गेल्या होत्या, सुंदर आत होता. यंत्राचं तोंड उघडून काढली आणि दोन्ही हातांत धरली. मोडायला काय लागतं. मामी ओल्या केसांनी बाहेर आल्या. त्यांनी हिसकावली नाही. म्हणाल्या, तुमची अम्मा आहे की तुमाला. मला हा एकच आहे. मोडा, मोडायची असेल तर, पण तो जेवून उठेतों थांबा.

थांबता आलं नाही. डिस्क खिशात घालून पळालो. आज ती चालणार नाही. दुपारपर्यंत खोली परत येईल, रेल्वे, कंपनी, मी. काही वाईट केलेलं नाही मी. कुणीही हेच —

मोबाईल मेलाय. पिवळ्या फलकाचं फोनचं दुकान तेवढं उघडं आहे. आईचा आवाज ऐकायचाय. घरचा जुना नंबर अजून तोच आहे.

—

अण्णांनी उचलला.

अण्णा. माझे वडील, २००६ च्या दिवाळीत गेले. कृष्णाघाटावर अग्नी मीच दिला —

हॅलो म्हणाले, घसा खाकरून, तसंच. कोण बोलतंय. मी एवढंच म्हटलं, अण्णा. मग म्हणाले, शार्दूलकडे काम आहे का, तो जेवतोय, रविवारचं मटण आहे, आता उठवलं तर माझ्यावर डाफरेल. आणि हसले. मागून भांड्यांचा आवाज आला, आई काहीतरी म्हणाली, आणि एक मुलगा म्हणाला, कोण आहे हो अण्णा?

माझा आवाज. अठरा वर्षांचा.

मी ठेवला. पुन्हा लावला, तर आवाज लांबून आला, खरखर. तिसऱ्यांदा नुसती घंटी. डिस्क चालली नाही ना आज. सोमवार व्हायला लागलाय. रेल्वे कुठंतरी लांब —

मिरजेत तिघं जेवायला बसलेत. इथं तिघं बसायची वाट बघताहेत. माझ्यावाचून कुणाचं पान रिकामं नाही. हे मी रागानं लिहीत नाही.

—

मामी फाटकातच उभ्या होत्या. आत सुंदर खुर्चीत आहे, पण खुर्चीची पाठ त्याच्यातून दिसतेय. मामा तोंड झाकून बसलेत. डिस्क मी मामींच्या हातात दिली नाही. मीच आत घातली. वाय मीच दाबलं. वही गुडघ्यावर धरून लिहितोय, वीस मिनिटं लागतात.

पडद्यावर आकडे पुढं चाललेत. सत्तर. सुंदरनं मामींकडे पाणी मागितलं. मला कुणी विचारलं नाही —

नव्वद. अण्णा हात धुऊन पानसुपारीला बसले असतील. फोनवर कोण होतं, असं तो पोरगा पुन्हा विचारत असेल, आणि अण्णा म्हणत असतील, कोण जाणे रे, पण आवाजावरून मला वाटलं की तो आपला