सक्षम प्राधिकारी: श्री देव रामेश्वर

मु. पो. आचरा, ता. मालवण
गावपळण संपून आठवा दिवस

चि. विश्वेश यास दाजीमामाचे अनेक आशीर्वाद. सावित्रीमामीचेही आहेत (ती चुलीपाशी आहे, तिला विचारलेलं नाही, पण तिचे धरून चाल).

तुझी प्रकृती उत्तम असेल असं समजतो. तुझ्या त्या थंड देशात दुपारी तीनला अंधार पडतो असं तू मागे कळवलं होतंस, तेव्हापासून मामीला तुझी काळजी लागून राहिली आहे. माझा उजवा गुडघा सोडला तर इकडे सर्व खुशाल. हे पत्र कागदावर लिहून त्याचा फोटो तुला पाठवतोय. फोनवर लिहायला बसलं की माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तो फोनच पुढचा शब्द सुचवतो, आणि तहसील कचेरीत एकतीस वर्षं काढून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला कुणी मसुदा सुचवावा हे मला सोसत नाही.

आता मुद्द्यावर येतो. आपल्या घरी एक पाहुणा आहे. नाव बासिल, वय एकोणतीस, राहणार गाझा (म्हणजे राहत होता, घर आता नाही, गल्लीही नाही). पुण्यात आपल्या गौरजाच्या वर्गात संख्याशास्त्र शिकत होता. (तुझ्या डोक्यात जे आलं तसलं काही नाही. गौरजाचं लग्न देवगडला ठरलंय, आणि नवऱ्यामुलाला बासिल तिच्यापेक्षा जास्त आवडला.) त्याचा शिक्षणाचा व्हिसा एकतीस जानेवारीला संपतो. पुढे कुठे जायचं हा प्रश्न आहे. परत जायला जागा नाही, इथे राहायला कागद नाही. त्याची बहीण हनीन तू राहतोस त्याच देशात, तुझ्याच शहरात असते. तिने त्याच्यासाठी ‘माणुसकीच्या कारणास्तव’ व्हिसाचा अर्ज लावलाय; तिथे पोचला की तो रीतसर आश्रय मागणार. माणुसकीचं कारण सांगायला नऊ पानी फॉर्म आहे, मी स्वतः पाहिलाय. पान सहावर ‘लागू नसल्यास खोडावे’ असं आहे. काय खोडावं ते मलाही समजलं नाही, यावरून तू काय ते ओळख.

मी आधी हसत होतो रे. म्हटलं, जगातलं कुठलंही काम अडतं ते सोबतच्या कागदांवाचून, आण ती फाईल इकडे. त्याने फाईल उघडली आणि माझी एकतीस वर्षं पाण्यात गेली. याची चार चुलत-मावस भावंडं, सगळी एका गल्लीतली, एकाच आजीच्या हातची जेवलेली, चार देशांत गेली. जो जर्मनीत गेला त्याला कळवलं की तुमच्याकडची परिस्थिती अजून स्पष्ट नाही, ती स्पष्ट झाली की निर्णय देऊ. (आपल्याकडे याला ‘प्रकरण विचाराधीन’ म्हणतात. पण परिस्थिती कसली अस्पष्ट? मला टीव्हीवर इथून दिसत होती.) दुसरा कॅनडात; त्या देशाने तिथल्या लोकांच्या गाझात अडकलेल्या नातेवाइकांसाठी खास योजना काढली, ठरावीक संख्येपुरती, पण बोटांचे ठसे गाझाच्या बाहेर येऊन द्यायचे, आणि बाहेर पडायचा रस्ता बंद. म्हणजे विहिरीत पडलेल्या माणसाला दोर देऊ, आधी वर येऊन सही करा. तिसऱ्या देशात मावसबहिणीला म्हणाले, तुमचं नाव संयुक्त राष्ट्रांच्या एका संस्थेच्या पटावर आहे, म्हणजे तुम्ही त्या संस्थेचे; निर्वासितांचा करार तुम्हाला लागू नाही. आधी ती संस्था तुम्हाला सांभाळू शकत नाही हे सिद्ध करा. आणि चौथ्याला त्याच पटावरच्या त्याच नोंदीवर आश्रय मिळाला! एका कागदावर ‘देशविहीन’, दुसऱ्यावर ‘राष्ट्रीयत्व अनिश्चित’, तिसऱ्यावर ‘इतर’. आपल्याकडची तऱ्हा आणखी न्यारी. आपण त्यांचा देश एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीतच मान्य केलाय, पण निर्वासितांसाठी आपल्याकडे कायदाच नाही. त्या जर्मनांकडे कायदा आहे, तर देश मान्य नाही. मी बासिलला म्हटलं, यांनी एकमेकांना भेटून आपापले फॉर्म अदलाबदल करावेत. तो म्हणाला, दाजीकाका, भेटतात ते. दरवर्षी भेटतात.

तर गौरजा त्याला घेऊन आली ती नेमकी गावपळणीच्या आदल्या दिवशी. तू गेल्या दोन गावपळणींना नव्हतास (सत्यवतीकाकी म्हणते, विश्वेशाची एकट्याचीच गावपळण चाललीय, संपतच नाही), पण विसरला नसशील. रामेश्वराचा हुकूम झाला की सगळा गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर. हिंदू, मुसलमान, ख्रिश्चन, गुरं, कोंबड्या, मांजरं, कुणी मागे राहायचं नाही. दिवा लागायचा नाही, कोंबडा आरवायचा नाही. चौथ्या दिवशी देवाला कौल लावायचा, देवाने होय म्हटलं की परत. मी हे बासिलला मोठ्या अभिमानाने समजावत होतो, आणि तो मामीला चादरी बांधायला मदत करत होता. त्याचं बांधणं इतकं झटपट आणि आटोपशीर की मामी म्हणाली, ह्येका सवय आसा. मग त्याने विचारलं, किती दिवसांनी परत यायचं? म्हटलं, तीन. तो हसायला लागला. पुष्कळ हसला, पार खाली बसला, मग माफी मागितली. म्हणाला, माझी आजीसुद्धा थोड्या दिवसांसाठीच निघाली होती. पीठ तसंच मळून ठेवलं होतं तिने. त्याला शहात्तर वर्षं झाली. मी त्याला गॅसचा सिलिंडर उचलायला सांगितला.

आपली झोपडी नेहमीच्या जागी, वेशीपलीकडच्या काजूखाली. बांबू, माडाची झापं, शेजारी काकीची झोपडी आणि तिच्या सात कोंबड्या. बासिल दोन तासांत सगळ्यांचा झाला. फुगड्या बघितल्या, भजनात टाळ धरला (ताल त्याच्या मुलखातला होता, बुवांनी सांभाळून घेतलं). आणि दुसऱ्या दिवशी दुपारी अडीच वाजता त्याची मुलाखत होती, तुझ्या देशाच्या कचेरीशी, फोनवर, चेहरा दिसेल अशी. तारीख त्यांची, बदलून मिळत नव्हती. घरातलं वायफाय वेशीच्या आत, आणि वेशीच्या आत जायचं नाही. रेंज फक्त कातळावरच्या एका धोंड्यावर. तिथे आधीच परबांच्या दोन म्हशी उभ्या. म्हशींना हलवून बासिलला बसवला, गौरजाने छत्री धरली, आणि मी नऊच्या नऊ पानांची झेरॉक्स घेऊन फक्त शेजारी उभा राहिलो. फक्त शेजारी, हे लक्षात ठेव.

मुलाखत घेणाऱ्या बाई सभ्य होत्या. पहिलाच प्रश्न, तुम्ही कुठे आहात, हे तर फाईलमधलं घर दिसत नाही. बासिल खरं बोलणारा मुलगा. म्हणाला, आम्ही गाव सोडलाय. सगळ्या गावानेच. बाई ताठ झाल्या. कुणाच्या आदेशाने? त्याने माझ्याकडे बघितलं. आणि विश्वेश, एवढी वर्षं वरिष्ठांना खुलासे देऊन जी सवय लागते ती लागते. मी फोनसमोर गेलो. मॅडम, म्हटलं, मी निवृत्त अव्वल कारकून, मी सांगतो. (इंग्रजीत सांगितलं, आणि चांगलं सांगितलं.) आदेश सक्षम प्राधिकाऱ्याचा आहे. पूर्वापार आहे. सर्व जातीधर्मांना लागू आहे. कुणाचीही हरकत आलेली नाही. बाईंनी विचारलं, बळाचा वापर झाला का? म्हटलं, छे, ढोल वाजवले. जीवाला धोका? मुळीच नाही, सगळे मजेत आहेत, काल माशाचं तिखलं होतं. मग त्यांनी विचारलं, अर्जदाराला परत जाता येईल का? आता हा प्रश्न तिकडच्या घराबद्दल होता की इकडच्या, हे मी विचारायला हवं होतं. पण मला आचऱ्याचा अपमान वाटला. मी छाती काढून म्हटलं, शंभर टक्के! चौथ्या दिवशी! बासिलने माझी बाही ओढली. मी म्हटलं, थांब रे, समजावून देऊ दे. लेखी परवानगी मिळते का? लेखी कशाला मॅडम, कौल मिळतो, तोही सगळ्या गावासमोर. बाई टाइप करत होत्या. खूप टाइप केलं. तेवढ्यात एक म्हैस परत आली आणि रेंज गेली.

चौथ्या दिवशी कौल झाला, देवाने होय म्हटलं, आणि सगळा गाव सुटला. दहा मिनिटांत कातळ रिकामा. आम्ही सामान बांधून निघालो तर बासिल काजूखाली बसलेला. चादर घडी केलेली, चपला पायात, पण उठेना. गौरजाने विचारलं तर म्हणाला, कौल गावकऱ्यांसाठी होता ना? माझ्यासाठी कुणी विचारलं नाही. मी अर्ज कुणाकडे करायचा? थट्टा करत नव्हता रे. खरंच विचारत होता. आणि मी काय केलं असेल? मी बसलो, खिशातून पेन काढलं आणि मानकऱ्यांच्या नावे अर्ज लिहायला घेतला. ‘विषय: वेशीच्या आत प्रवेश मिळणेबाबत.’ सोबत जोडायच्या कागदांची यादी करत होतो (पासपोर्टची प्रत, फोटो दोन), तेवढ्यात सत्यवतीकाकी आली, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, दोन्ही काखांत कोंबड्या. काय चाललंय विचारलं, मी सांगितलं. तिने माझ्याकडे असं बघितलं की तसं एकाही तहसीलदाराने बघितलं नव्हतं.

“दाजी, तुका येड लागला काय रे? तो आमच्यावांगडा भायर पडलो, आमच्यावांगडाच भितर येतलो. ह्येच्यात इचारूचा काय आसा?” मग त्याच्याकडे वळून, “ऊठ रे झिला. ही कोंबडी धर. माझो हात दुखता.”

त्याला मालवणी कळत नाही, पण कोंबडी कळली. वेशीवरून आत आला तेव्हा काखेत काकीची तांबडी कोंबडी होती, आणि तो रडत होता. मीही रडलो, उगाच खोटं कशाला सांगू. वाटेत मानकरी भेटले, पोलिसपाटील भेटला, सरपंच भेटले. सगळ्यांनी कोंबडीचीच चौकशी केली. अर्ज अजून माझ्या खिशात आहे, दीडच पान झाला होता.

परवा त्या कचेरीचं उत्तर आलं. मसुदा म्हणून निर्दोष आहे, मानलं पाहिजे. अर्जदार सध्याच्या निवासस्थानातून प्राधिकाऱ्याच्या आदेशाने विस्थापित झाल्याचं दिसतं. मात्र सदर प्राधिकारी चौथ्या दिवशी परतण्याची हमी देतो असं साक्षीदाराने सांगितलं. सबब संरक्षणाची गरज तूर्त सिद्ध होत नाही. खुलासा करायचा असल्यास एकवीस दिवसांत सदर प्राधिकाऱ्याचं नाव, पत्ता, ईमेल आणि त्याच्याविरुद्ध अपील करण्याची पद्धत कळवावी. बासिल उत्तर वाचून उठला. मामीला आंबोळ्या काढायला मदत करायला गेला. त्यापेक्षा त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाकी सर्व ठीक. थंडी यंदा बरी पडलीय, मोहोर चांगला आहे. तब्येतीला जप.

तुझा,
दाजीमामा

ता. क. मामी कोकम आणि मसाला पाठवतेय. मसाला तिखट आहे, तिकडच्या लोकांना आधी सांगून घाल.

ता. क. २. वर मी ‘फक्त शेजारी उभा राहिलो’ असं लिहिलंय ते खोड. चूक माझी आहे, बासिलची नाही, आणि हे त्या बाईंना कुणीतरी समोर बसून सांगायला हवं. म्हणून हे पत्र. तू रजा टाक, हनीनला सोबत घे आणि त्या कचेरीत जा. सांग की साक्षीदार म्हातारा आहे आणि त्याला बोलायची खोड आहे. आचऱ्याची वेस आणि गाझाची वेस एक नव्हे. आणि चौथा दिवस फक्त आमच्याकडे उजाडतो. अर्जदार तिकडे कुणाकडे उतरेल या रकान्यात मी तुझं नाव आणि तुझा पत्ता घातलाय. सही केलेली नाही, जागा सोडली आहे. तुझ्या दोन खोल्या आहेत, मला ठाऊक आहे.

ता. क. ३. खुलासा मी पाठवून दिलाय. प्राधिकारी: श्री देव रामेश्वर. पत्ता: आचरा, पिनकोडसह. ईमेल: लागू नसल्यास खोडावे, म्हणून खोडलं. अपील: देवाने नाही म्हटलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारतात. शेरा: कुणालाही कायमचं बाहेर ठेवल्याचं एकही प्रकरण दप्तरी नाही. हा शेरा त्यांनी मागितला नव्हता, मी आपला घातला.

ता. क. ४. बासिलने काल विचारलं, पुढच्या गावपळणीला आपली झोपडी कुठे असेल. म्हटलं, तेव्हा तू बहिणीकडे असशील रे. म्हणाला, असेन, पण त्या तीन दिवसांसाठी येईन, परत आत घेतात अशा गावातून मला एकदा पुन्हा बाहेर पडायचंय. म्हणून तुला धरून चार माणसांच्या हिशेबाने बांबू मी आत्ताच सांगून ठेवलेत. पण तू त्या कचेरीत उद्याच जा. बांबू फुकट गेले तरी मला चालतील.