परवाना कार्यालयाचं पत्र

३ सप्टेंबर

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझी भांग डोक्याच्या वर गेली आणि कुंपणाच्या अलीकडे माझी वांगी पिवळी पडली. लोक येतात, तुझं पीक बघून तोंडात बोटं घालतात आणि पाणी मात्र मला मागतात! ही धाग्याची भांग, नशेची नव्हे, हे सांगून माझा घसा बसला. अर्ज दोघांनी केला, परवाना एकटीला. माझी पंचवीस वर्षांपूर्वीची मारामारीची केस बरी सापडली त्यांना! जळतो मी, लिहून देतो. तू खुशाल गिरणीत धागा काढायला शीक. इथे राखणीला मी आहेच.

रागावलेला, तरी तुझाच,
दादा

७ सप्टेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं जळणं इथवर पोचलं, खोलीभर धूर झाला! एक काम मात्र विसरू नकोस. परवाना कार्यालयाचं पत्र येईल, त्यात तपासणीची तारीख असेल. आलं की त्याच दिवशी इकडे धाड. पीक जास्त पिकलं तर नशेचं प्रमाण मर्यादेबाहेर जातं आणि सगळं जाळून टाकतात. तुझ्या वाढदिवसाला येते. तुझं तोंड बंद होईल अशी बातमी आणते.

लोभ असू दे, सगळा वांग्यांवर संपवू नकोस.
धाकटी

१४ ऑक्टोबर

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

काल तुझं शेत जाळलं. नमुना मर्यादेच्या वर निघाला. तपासणीवाले आधी एकदा आले होते, फाटकाला कुलूप बघून परत गेले. पुन्हा यायला त्यांना तीन आठवडे लागले. कुलूप होतं त्या दिवशी मी वांग्यांत बसून बघत होतो. किल्ली माझ्याच खिशात होती.

पत्र आलं होतं गं. न उघडताच पिठाच्या डब्याखाली सारलं. म्हटलं, एकदा हिचंही अडू दे. जाळतील असं वाटलं नव्हतं. नाही, खोटं कशाला बोलू, वाटलं होतं. लिफाफा सोबत पाठवतोय. शिव्या घाल, पण लिही.

तोंड दाखवायला जागा नसलेला,
दादा

१९ ऑक्टोबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

शिव्याच लिहायला बसले होते. आधी लिफाफा फोडला. आत तारीख होती आणि आणखी एक कागद. तुझ्या त्या जुन्या मारामारीबद्दल मी अपील केलं होतं, चार महिने कार्यालयाचे खेटे घातले. ते मान्य झालं. परवान्यावर तुझं नाव चढलं, अर्धं पीक तुझं. तपासणीला दोघांनी हजर राहून सही करायची होती. आता पीक जाळलं म्हणून परवाना रद्द, दोघांचाही.

वाढदिवसाला येत नाही. राग आहे, खूप आहे. वहिनीला नमस्कार सांग.

कागद परत पाठवतेय, नीट बघ. तुझं नाव माझ्या वर आहे. थोरला म्हणून मीच तसं लिहायला लावलं होतं.

धाकटी