चौदा फुटांत तिघं

२ एप्रिल

संडासाचा डबा भरला! चार दिवसांत! धाकटा म्हणाला होता, "आई, आठवडा आरामात जातो." गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात तसं छापलंय म्हणे. पुस्तक लिहिणाऱ्याच्या घरी म्हातारी नसेल.

त्या डब्याला चाकं आहेत. प्रवासाच्या बॅगेसारखा ओढत न्यायचा नि कुंपणापलीकडच्या खड्ड्यात रिकामा करायचा. धाकट्याने नाकाला रुमाल बांधला, हातमोजे चढवले आणि निघाला, जसा काही लढाईवर. मागून सूनबाई मोबाईल धरून! याचाही व्हिडिओ काढायचा होता. "निसर्गाचं आहे ते निसर्गाला परत," असं काहीतरी गोड आवाजात बोलत होती. तेवढ्यात चाक दगडाला अडकलं आणि झाकण उघडलं. निसर्गाला जरा लवकरच परत मिळालं.

मी पायरीवर बसून पोट धरधरून हसले. डोळ्यांतून पाणी आलं. अशी कधी हसले होते शेवटची, आठवत नाही.

तो व्हिडिओ काही टाकला नाही बाईने.

३ एप्रिल

ही वही सूनबाईने दिली. "आई, मनात येईल ते लिहा, मोकळं वाटतं." अगं, मी चौथी शिकलेली. आणि मनात येईल ते मी आजवर तोंडानेच बोलत आले, लिहायची वेळ कुठे आली? पण कागद गुळगुळीत आहे. वाया कशाला घालवा.

तर लिहिते. मी थोरल्याकडे होते, नवव्या मजल्यावर. वाईट काही नव्हतं हो. थोरली सून इतकी चांगली की मला उठूच देत नसे. आई, गॅसजवळ नको, तुम्ही बसा. आई, कपडे मशीन धुतं, तुम्ही बसा. सात वर्षं बसले. खिडकीतून समोरच्या इमारतीचा एक पाइप दिसायचा. त्या पाइपावर एक कबुतर यायचं. ते तरी उडून जायचं.

मग धाकट्याने आणि सूनबाईने नोकऱ्या सोडल्या नि ही चाकांवरची खोली घेतली. साधं जगायचं, निसर्गाजवळ, लांब बर्फ पडतो त्या डोंगरात! थोरला ओरडला, "वेडे झालात का? आणि आईला कशाला नेताय?" मी म्हटलं, महिनाभर जाते की. हवापालट.

साधं जगणं म्हणजे काय, ते आज मोजलं. मोबाईलच्या वायरीच अकरा आहेत.

१९ एप्रिल

तीन आठवडे मी पाय वर नि डोकं खाली करून झोपतेय. रोज सकाळी तोंड सुजलेलं. धाकटा म्हणतो, मोबाईलमध्ये बघून गाडी सपाट लावलीय. मी पेल्यात पाणी घेतलं, ओट्यावर ठेवलं. पाणी एका बाजूला! अरे, तुझा बाप गवंडी होता, चाळीस वर्षं पाणसळ लावून भिंती उभ्या केल्या त्याने, आणि त्याच्या पोराला आईचं डोकं सरळ ठेवता येईना?

मग चाकाखाली फळी सरकवायला लावली. दोनदा पुढे, एकदा मागे. आज सरळ झोपणार.

दुसरी गंमत. छपरावर उन्हावर चालणारी वीज बसवलीय आणि गाडी लावलीय सगळ्यात मोठ्या झाडाखाली. सावली हवी म्हणून! आता वीज हवी तर सावली नाही, सावली हवी तर वीज नाही. दोघंही पदवीधर.

६ मे

महिना झाला. थोरल्याचा फोन आला, "आई, न्यायला येऊ?" म्हटलं, अरे गुडघा धरलाय, इतका वेळ मोटारीत बसवणार नाही. इतक्यात नको.

गुडघा! सकाळीच दोनदा ओढ्यावर जाऊन आले. भांडी मीच घासते तिथे. पाणी इतकं गार की बोटं आपली वाटत नाहीत. एक निळा पक्षी पाण्यात सूर मारतो, मासा घेतो आणि फांदीवर आपटून आपटून मारतो. अगदी आमच्या सासूबाई. मी तास तास बघते.

ज्यांचं रान आहे त्या बाई बकऱ्या घेऊन येतात. मी बकरीवाली म्हणते, ती मला आजी म्हणते. धारेला मला बसवलं. पन्नास वर्षांनी धार काढली नि हात विसरला नव्हता! दूध फेसाळून वर आलं तशी मी ओरडलेच. बकरी घाबरली.

पुढच्या फोनला कंबर सांगेन.

११ जून

उकाडा. पत्र्याच्या डब्यात भाजून निघतोय तिघं. मी दिवसभर ओढ्यात पाय सोडून बसते, मला काय!

आज पाण्याचे कॅन भरताना धाकटा हळूच म्हणाला, "आई, तुला म्हणून सांगतो. मला नको झालंय हे सगळं. पाठ गेली माझी त्या बाकड्यावर झोपून. नोकरी परत मिळतेय. पण तिला बोलू नकोस हं. तिचं स्वप्न आहे हे."

१३ जून

काय लिहू! आज कपडे वाळत घालताना सूनबाई रडायला लागली. "आई, मला नाही जमत. आंघोळीला बादलीभर पाणी, त्यात केस धुवायचे. मला घर हवंय, भिंतींचं. पण त्यांना सांगू नका. त्यांचं स्वप्न आहे हे."

मी चिमटा तोंडात धरून उभी. हसू आवरेना म्हणून.

दोघांनाही जायचंय नि दोघंही एकमेकांसाठी थांबलेत. मी एक वाक्य बोलले की दोघं सुटतील. आणि माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे सगळ्या नात्यागोत्याला ठाऊक आहे. जावेच्या मुलीचं ठरतंय हे मुलीच्या आधी मी गावभर केलं होतं!

पण ही दोघं सुटली की मी कुठे? नवव्या मजल्यावर. तुम्ही बसा.

नाही बाई. बोलू नको म्हणालेत ना दोघं? शब्द म्हणजे शब्द. मी काय अशी तशी आहे?

१५ जून

दोन दिवस झाले. पोट फुगल्यासारखं वाटतंय. आत गोष्ट अडकली की असं होतं का, पहिल्यांदाच कळतंय. शेवटी बकरीला सांगितली.

१७ जून

सकाळी धाकटा विचारतो, "आई, बोलणं झालं का काही तुमचं दोघींचं?" कशाबद्दल रे, मी म्हटलं. इतका भोळा चेहरा केला की माझा मलाच विश्वास बसला. दुपारी सूनबाईचंही तेच. "काही म्हणाले का हे?" नाही गं, कोण काय म्हणणार?

२० जुलै

पाच दिवस पाऊस. तिघं आत. ओले कपडे डोक्यावर लोंबतात, मोज्याचं पाणी चहात पडतं. जेवायचं टेबल खाली पाडलं की माझा पलंग होतो. म्हणजे मला झोप आली की यांचं जेवण संपतं! छप्पर एका कोपऱ्यात गळतं, नेमकं धाकट्याच्या कानावर.

"मस्त ना?" ती विचारते. "मस्तच!" हा म्हणतो. कानात पाणी!

पाऊस थांबला की दोघं ओढ्याकडे फिरायला जातात हल्ली. परत येतात ते कुजबुजत, हसत. मला बघितलं की गप्प. निसर्ग मानवला वाटतं शेवटी. बरं झालं. माझं ओझं कमी झालं.

३ सप्टेंबर

व्हिडिओ बंद पडले. सूनबाई म्हणते, लोक कंटाळले. लोकांचं बरं आहे, त्यांना मोबाईल बंद करता येतो.

संडासाचा डबा आता मीच ओढते. दगड कुठे आहे मला पाठ आहे. माझे घेवड्याचे वेल चाकांवर चढलेत, दारापर्यंत आलेत, दार उघडायचं तर आधी त्यांची समजूत घालावी लागते. टोपलीभर शेंगा निघाल्या. मी लावल्या, मी खुडल्या, मी शिजवल्या. कुणी बसा म्हणालं नाही.

थोरल्याला या रविवारी दातदुखी सांगितली. तो म्हणाला, "आई, तुझे दात काढून चार वर्षं झाली."

२६ ऑक्टोबर

आज लिहिण्यासारखं काही नाही. ऊन. पानं पडतात ती बघत बसले. किती बरं वाटलं!

१८ नोव्हेंबर

नळी गोठली. सकाळी तोटी फिरवली तर नुसता खाकरल्यासारखा आवाज. धाकटा शेकोटीवर बर्फ वितळवत बसला. मी म्हटलं, आता काढ की व्हिडिओ! तो हसला. मग खोकायला लागला. बराच वेळ खोकत होता.

४ डिसेंबर

खोकला जात नाही. डॉक्टर म्हणाले, ओल आहे, छातीला बाधतेय, पक्क्या घरात जा. आतल्या भिंतींना रोज पाणी सुटतं, सूनबाई फडक्याने पुसत बसते. तिची बोटं फाटलीत, रक्त येतं.

आज थोरला आलाच. न सांगता! चिखलात बूट बुडवून दारात उभा. "बस झालं आता. आई, चल." आणि धाकट्याला म्हणाला, "तुम्हाला हौस आहे तर राहा. तिला कशाला त्रास?"

धाकटा खोकत खोकत म्हणाला, "तिचं ती ठरवेल. तिला हवं तितकं राहू दे."

मी म्हटलं, थंडी उतरली की बघू. थोरला तसाच परत गेला. जाताना माझ्याकडे असं बघितलं, जसं त्याच्या लहानपणी मी त्याच्याकडे बघायची, खिशातून चोरीच्या कैऱ्या निघाल्या की.

९ डिसेंबर

सकाळी जाग आली तर माझ्या अंगावर तीन पांघरुणं. माझं एक. बाकीची दोन या दोघांची. दोघं कोट घालून बसल्या जागी झोपलेले, तोंडं उघडी, धाकट्याच्या छातीत घरघर.

शब्द म्हणे शब्द! सहा महिने मिटक्या मारत बसले. सगळ्या जगाच्या गोष्टी बाहेर काढल्या आणि ज्या एका गोष्टीने पोटच्या पोराची छाती वाचली असती तेवढी गिळून बसले. का, तर मला ओढा आवडतो!

उद्या सांगणार. नववा मजला तर नववा मजला.

१० डिसेंबर

सांगितलं. दोघांना समोर बसवून, याचं तिला, तिचं याला.

दोघं एकमेकांकडे बघून हसायलाच लागले! धाकटा म्हणाला, "अगं आई, आम्ही जूनमध्येच बोललो एकमेकांशी. तुला सांगितलं ते तू संध्याकाळपर्यंत फोडशील म्हणूनच. आठ दिवस वाट बघितली, तर तू गप्प! तू! तेव्हाच कळलं, तुला इथून जायचं नाहीये."

मग गेला का नाहीत, मेल्यांनो?

सूनबाईने माझा कप उचलला आणि विसळायला बाहेर गेली.

सामान बांधायला घेतलंय मी. सहा महिने या दोघांना मूर्ख म्हणत होते.