आधी वरचा बोल्ट

५ ऑक्टो.
जीप परत दुसऱ्या गेअरात कुरकुरली. नेकनूरला दूध घालून रिकाम्या कॅना आणताना, चढावर. ह्यांना सांगितलं तर म्हणे, "म्हातारी झाली, कुरकुरणारच." गाडीला म्हणाले का मला, देव जाणे.

संध्याकाळी शेजारची शोभा आली. भाऊबीज झाली की ती आन् तिचा नवरा ऊसतोडीला निघणार. कोमल यंदा दहावीला. "वैनी, पोरीला आजीपाशी ठेवीन, पण आम्ही न्हाई म्हटल्यावर रोज नेकनूरला शाळेत न्हेणार कोण? तुमची गाडी चालली तर ठेवते, न्हाई तर संगं नेते." मी म्हटलं, दुधासंगं मीच नेते की. बोलून तर बसले. ही गाडी बंद पडली तर पोरीची दहावी उसाच्या फडात जायची.

७ ऑक्टो.
गेअर ऑइल कधी बदललं, विचारलं. हे डोकं खाजवत बसले. म्हंजे बदललंच न्हाई. मेस्तरीला दिवाळीपर्यंत सवड न्हाई. मग मोबाईलवर व्हिडिओ बघितले. खालचा बोल्ट खोलायचा, जुनं सोडायचं, बाजूच्या वरच्या भोकातून नवं भरायचं. एवढंच? एवढ्यासाठी मेस्तरीच्या पाया पडायचं? ह्यांची कंबर धरलेली. तवा गाडीखाली मी, बाजेवरून सल्ले हे.

८ ऑक्टो.
घात झाला.
दूध घालून आले, गाडी गरमच होती. पुढची चाकं विटांवर चढवली, पोत्यावर आडवी झाले. खालचा बोल्ट सुटला. काळं पाणी, जळका वास. सगळं घमेल्यात. लई खूश मी. मग वरच्या बोल्टाला पाना लावायला गेले तर लागंना. त्याला आत चौकोनी खाच असते, पाना तिच्यात बसतो. इथं खाचच न्हाई. बोट फिरवलं, सपाट. रंग! दरसाल दसऱ्याला पूजेआधी हे गाडी धुऊन वरून-खालून ऑइलपेंट फासतात. यंदाचा थर अजून चिकट.

"कावून फासला तिथं? तिथं कोण बघणार होतं?"
"पूजा म्हंजे सगळ्या गाडीची. अर्धी सोडायची का?"

मेस्तरीला फोन केला. म्हणे गाडी घेऊन या. ऑइल सांडून बसलेय बाबा, कशी आणू? हसला मेला. "आधी वरचा खोलून बघायचा असतो ताई, मग खालचा." आता सांगतोय!
भांडी घासताना रडून घेतलं. दूध उद्या चुलत दिराच्या मोटारसायकलवर.

९ ऑक्टो.
दाभण घेऊन दिवसभर खाच उकरली. डोळ्यात रंग, केसात रंग. काळा थर निघाला, खाली लाल, खाली परत काळा. लाल कुठनं आला? "त्या साली काळा संपलता," हे. चारी कोपरे दिसले एकदाचे. पाना बसला, पण बोल्ट हलंना. डिझेल सोडून ठेवलंय.
शोभा येऊन बघून गेली. दारातनंच मागं फिरली. तेच लागलं मनाला.

१० ऑक्टो.
सुटला!!
पान्याच्या दांड्यावर विहिरीवरच्या लोखंडी पाईपाचा तुकडा चढवला. मी खालून ओढतेय, तर हे बाजेवरून उठले आन् पायानं रेटायला लागले. "अवं कंबर!" "मरू दे कंबर!" कट्ट. मला वाटलं मोडला. फिरला होता. हे इतके हसले की कंबर खरंच धरली. आता बाजेवर, शेक चालू.

खालचा बोल्ट पुसून लावला, विटा काढून गाडी सपाट घेतली. नरसाळं, नळी, नवं ऑइल. भोकातून ठिबकायला लागल्यावर थांबले. जुनं कडबाकुट्टीच्या चेनीला ठेवलं.

एक झालंय. खालचा बोल्ट पुसताना त्याला लोखंडाचा चुरा चिकटलेला दिसला, त्यात तांदळाएवढा तुकडा. मेस्तरीला फोटो धाडला. "गेअरच्या दाताचा कोपरा असंल. चालंल बी, न्हाई बी." ह्याला काय उत्तर म्हणायचं?

११ ऑक्टो.
त्याच चढावर दुसरा टाकला. आवाज न्हाई! परत पहिला, परत दुसरा, उगाचच. मागचा ट्रॅक्टरवाला हॉर्न मारून दमला. एकटीच हसत आले घरापर्यंत.
तिसऱ्यात मात्र बारीक घूं येतंय. हे म्हणे मला न्हाई ऐकू येत. ह्यांना माझी हाक तरी कुठं येते.
शोभाला तुकड्याचं सांगून टाकलं. पोरीचं साल हाय, लपवून कसं चालंल. "बघू," म्हणाली.

२६ ऑक्टो.
सकाळी टोळीचा ट्रक लागला. शोभाची भांडी चढली, पत्रे चढले. वर बघते तर कोमल बोचक्याला टेकून बसलेली.  मी दारातच उभी राहिले.

शोभाच माझ्यापाशी आली. "वैनी, खरं सांगा. आम्ही गुढीपाडव्याला येईपर्यंत टिकंल का गाडी?"
म्हटलं, "गाडीचं मला न्हाई सांगता येत, शोभे. पण बिघडली तर मी हातावर हात ठेवून बसणार न्हाई."

 तशी ती ट्रककडं वळून ओरडली, "कोमे, उतर खाली!" पोरीनं अशी उडी मारली की चप्पल वरच राहिली. शोभानं तिला जवळ बी घेतलं न्हाई, पदर खोचला आन् वर चढली. ट्रक वळेपर्यंत कोमल रस्त्यात उभी, एका पायात चप्पल.

दुपारी गाडीखाली जाऊन आले. थेंब न्हाई. तिसऱ्यातली घूं तशीच.
कोमलला सगळं सांगितलं. म्हणाली, "काकू, शाळा उघडली की मी पुढं बसणार. आवाज वाढला तर मला आधी ऐकू येईल."