पट्टीखालचं लाकूड

एलिसेओ, पोरा,

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू, ते तूच सांग.

लाख विरघळवायला स्पिरिट आणतो म्हणून तू पाराचो गावच्या चौकाकडे गेलास, त्याला दोन पावसाळे झाले. पोलीस विचारतात, "पोरगा कुणाच्या नादाला लागला होता?" मी म्हणतो, "गिटारीच्या."

ती तुझी गिटार अजून बिनपॉलिशची, कोरीच टांगलेली आहे. तुझी आई येता-जाता तिच्यावरून हात फिरवते. मी खेकसतो, "एर्मिनिया, वाफवायच्या कोरुंडांचं मक्याचं पीठ मळून आलीस, हाताला चरबी आहे! खाली लाख धरली नाही, तर वरचं लॅकर सोलून निघेल." ती म्हणते, "निघू दे."

काल एक गिऱ्हाईक त्या गिटारीसाठी हटूनच बसलं. म्हटलं, आता पुरे. लाख विरघळवली. तारांची घोडी चिकटवायची जागा कोरी राहावी म्हणून तू लावलेली कागदी पट्टी लाकूड घासण्याआधी सोलून काढली. खालचं लाकूड पांढरंशुभ्र होतं, तू गेलास त्या दिवशी होतं तसं. बाकीची गिटार मधासारखी पिवळी पडलीय. पॉलिश पेपर फिरवला की सगळं एका रंगाचं झालं असतं.

तुझी आई बघत उभी होती. "घासू नका," एवढंच म्हणाली.

मी पट्टी परत चिकटवली आणि गिऱ्हाइकाला सांगितलं, "लाकूड अजून वाळलं नाही." धंद्यात असलं खोटं मी कधी बोललो नव्हतो.

स्पिरिट आणून ठेवलंय. तू नुसता ये.

तुझा बाप,
नासारिओ