शिवांजलीचा चुडा

ती. आईस,
भूमहून उज्ज्वलाचा नमस्कार. फोनवर तुझ्याजवळ कुणी ना कुणी बसलेलं असतं, म्हणून लिहिते.

बांगड्यांचं दुकान बरं चाललंय. माझा सोरायसिस आता हातांवर आलाय. कातडी पांढरी होऊन खपल्या पडतात. मलमानं दबतो, परत येतो. डॉक्टर म्हणतात, हा लागायचा आजार न्हाय. तू उगं दृष्ट काढत बसू नको.

गेल्या महिन्यात एका लग्नघरी बांगड्या भरायला गेले होते. नवरीचा हात हातात घेतला, तशी तिची मावशी म्हणाली, "बाई, बांगड्या ठेवून जावा, आमच्या आमी भरतो." मी ठेवून आले. आता गिऱ्हाइकाला हेच बांगड्या भरतात. मी मागं बसून, लांबूनच हात बघून माप सांगते. सहसा चुकत न्हाय.

तुझा गुडघा कसा आहे? जिना चढत जाऊ नको.

दादाच्या शिवांजलीसाठी हिरवा चुडा काढून ठेवलाय. लग्नाला तो घेऊन हे सास्तूरला येतील आणि तेच भरतील. पण घरातल्या सगळ्या लेकींना आजवर मीच चुडा भरलाय, म्हणून एकदा विचारावं वाटलं. आत्याच्या हातानं भरायचा का, एवढं शिवांजलीला विचार. हात आता कसे दिसतात, तेही सांग.

फक्त तिला एकटीला गाठून विचार. चारचौघींत विचारलंस तर तिला न्हाय म्हणता यायचं न्हाय.

तुझी लेक,
उज्ज्वला