थोरल्या भावाच्या एका वाक्याला व्यत्यय न मानण्याबाबत

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य अधिकारी,
सभागृह मान्यता शाखा, दुसरा मजला.

विषय : पाचव्या रविवारच्या खेळात अर्जदार हसला त्याचा खुलासा, तसेच त्या खेळात अर्जदाराच्या थोरल्या भावाने उच्चारलेले एक वाक्य व्यत्यय न मानण्याबाबत विनंती.

संदर्भ : आपल्या कार्यालयाची दि. १३ ची कारणे दाखवा नोटीस.

महोदय,

१. अर्जदार हा व्यवसायाने सुतार आहे, म्हणून आधी मापे घेतो आणि मग बोलतो. त्या रविवारी अर्जदार ठरल्याप्रमाणे रडला असता तर त्याच्या पदरात काय पडणार होते, हे प्रथम पाहावे. सभागृहातल्या दोनशे बारा खुर्च्यांच्या दुरुस्तीचे वर्षभराचे काम. पंख्याखाली कायमची एक खुर्ची, तिच्या पाठीवर पितळी पट्टी. दर्शनी भिंतीवर चौकटीतला फोटो (चौकट अर्थातच अर्जदाराने बनवायची). शिवाय अर्जदाराच्या पत्नीस परीक्षकांच्या शेजारी बसून चहा, ज्यासाठी तिने नव्या चपला आणून पंधरा दिवस घरातल्या घरात घालून पाहिल्या होत्या. आणि हसून काय मिळणार होते? नोटीस. ती मिळाली. इतका तोटा डोळ्यांसमोर दिसत असताना शहाणा माणूस मुद्दाम हसत नाही. सबब अर्जदाराचे हसणे हेतुपुरस्सर नव्हते, हा पहिला मुद्दा.

२. मुळात अर्जदार हा प्रेक्षकच नव्हे. पहिल्या रविवारी दुपारी तो मधल्या रांगेतल्या एका खुर्चीचा हात बसवायला गेला होता. स्क्रू अर्धा पिळून झाला आणि दिवे गेले. सभागृहाचे व्यवस्थापक अंधारातून येऊन कानाशी म्हणाले, "आता ठोकाठोकी नको, कला सुरू झालीय. बसून राहा." अर्जदार पेचकस हातात धरून तीन तास दहा मिनिटे बसून राहिला.

चित्रपट परदेशी, बोली अनोळखी, रंग काळा आणि पांढरा. त्याला कुठेतरी लांब मोठे बक्षीस मिळालेले आहे, असे दारावरच्या कागदावर लिहिले होते. खाली अर्थ सांगणारी अक्षरे उमटत, पण अक्षरे पांढरी आणि पडद्यावर बर्फही पांढरा, त्यामुळे घरातली दृश्ये तेवढी कळत आणि बाहेरची राहून जात. प्रेक्षकांनी बाहेर पडताना अभिप्राय वहीत काय लिहिले ते आपल्या दप्तरी असेलच. वीजतंत्री : "मधे वीज गेली असती तरी कळलं नसतं." औषध दुकानदार : "गोळीपेक्षा बरा. सवय लागत नाही." टपालवाले काका : "म्हातारी तीन तास पत्राची वाट बघते आणि शेवटपर्यंत टपालवाला दाखवत नाहीत. आमच्या खात्याची बदनामी आहे." निवृत्त शिक्षिकाबाईंनी मात्र दोन पाने भरून लिहिले आणि खाली स्वतःच बरोबरची खूण केली.

३. या चित्रपटात एक दृश्य आहे. एक म्हातारा थंडीत, एका पडवीत, एकटाच फळीवर रंधा मारतो. बारा मिनिटे. बोलणे नाही, वाजंत्री नाही, नुसता रंधा. त्या दृश्यात अर्जदाराला रडू आले. साधे नव्हे, हातातला पेचकस खाली पडला आणि घरंगळत पहिल्या रांगेपर्यंत गेला, इतके. आता अर्जदाराला गावात लाकूड म्हणतात. धंद्यामुळे नव्हे, स्वभावामुळे. त्यामुळे लोकांनी पडद्याकडे पाहायचे सोडून मागे वळून पाहिले. व्यवस्थापकांनी त्याच संध्याकाळी आपल्याकडे अहवाल धाडला : "एक श्रमजीवी प्रेक्षक हमसून हमसून रडला."

पुढचे आपणच केले आहे. नियमानुसार पुरस्कारप्राप्त परदेशी चित्रपटास "उत्कट प्रतिसाद" मिळवून देणाऱ्या सभागृहास विशेष दर्जा मिळतो. म्हणून आणखी चार रविवार तोच खेळ ठेवण्याचे आणि त्यांतल्या शेवटच्या, म्हणजे पाचव्या रविवारी तीन परीक्षकांनी येण्याचे ठरले. अर्जदाराला पत्र आले की, प्रत्येक खेळास हजर राहावे. रडावे असे पत्रात कुठेही लिहिलेले नाही, हे अर्जदार प्रामाणिकपणे मान्य करतो. परंतु खुर्ची मधल्या रांगेतून उचलून कडेला, बाहेर जाण्याच्या दाराच्या दिव्याखाली ठेवण्यात आली, ती काय अर्जदाराला वारा लागावा म्हणून नव्हे.

४. दुसऱ्या रविवारी सभागृह भरले. लोक अंगाने पडद्याकडे आणि मानेने अर्जदाराकडे बसले. पाठीमागून कुजबुज : "कधी रडतो हो हा?" "थांबा, अजून फळी यायचीय." रंध्याचे दृश्य आले आणि अर्जदाराचे डोळे भरले, तेव्हा एका बाईंनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या रविवारी डोळे थोडेच भरले. चौथ्या रविवारी कोरडे. त्या दिवशी तक्रारवहीत चार तक्रारी आल्या. एकाने लिहिले की, आपण पाहुण्यांना घेऊन लांबून आलो होतो.

मग व्यवस्थापक दुकानात आले. ते माणूस म्हणून वाईट नाहीत. सभागृहावर स्वतःच्या मुलीसारखी माया करतात आणि तिच्यासारखेच त्यालाही स्थळ चांगले मिळावे म्हणून झुरतात. म्हणाले, "डोळ्यात काही घालायचं असेल तर घाला. मी त्या वेळी दुसरीकडे बघत असेन." पत्नी म्हणाली, "आपल्यातली गेलेली माणसं एकेक करून आठवा." अर्जदाराने आठवली. त्यातल्या निम्म्यांची आठवण येऊन उलट बरेच वाटले.

५. त्याच आठवड्यात आपल्या शाखेकडून छापील तक्ता आला. "रडण्याचे कारण : (अ) आशय, (ब) छायाचित्रण, (क) दोन्ही." खाली सही, आणि टीप : हे निवेदन परीक्षकांसमोर मोठ्याने वाचले जाईल. अर्जदाराने तक्ता चार दिवस फळीखाली ठेवला, काढला, परत ठेवला. अर्जदाराचे कारण त्या तिन्हींत बसेना. चौथा चौकोन नव्हता आणि तो हाताने काढला तर शासकीय कागद खराब होतो. म्हणून तक्ता कोरा राहिला. ते कारण आता इथे नोंदवतो.

तो पडद्यावरचा म्हातारा रंधा उलट्या अंगाने मारतो. लाकडाच्या रेषा एका बाजूला आणि ह्याचा हात दुसऱ्या. अशाने फळीचे तंतू उचलतात, लाकूड फाटते. बारा मिनिटे तो जीव तोडून फळी बिघडवत राहतो आणि त्या अख्ख्या पडवीत "अरे बाबा, उलटं मारतोयस" असे सांगायला शेजारी कोणी नाही. अर्जदार यासाठी रडला. कलेशी याचा संबंध असल्यास आपण ठरवावे.

६. असे का, हे सांगितल्यावाचून खुलासा पुरा होत नाही. दुकान वडिलांचे. अर्जदार आणि थोरले बंधू, म्हणजे दादा, एकाच बाकावर समोरासमोर काम करत. नऊ वर्षांपूर्वी एक गिऱ्हाईक तयार दार न्यायला आले. दार अर्जदाराने केलेले. दादाने त्यावरून हाताची पाठ फिरवली आणि गिऱ्हाइकासमोरच म्हणाला, "हे नेऊ नका. ह्यानं उलट्या अंगानं रंधा मारलाय. दुसरं करून देतो." अर्जदार म्हणाला, "मग आता एकट्यानंच मारत बसा सुलट्या अंगानं." संध्याकाळपर्यंत दुकानाच्या मधोमध प्लायवूड उभे राहिले. ठोकले अर्जदाराने. खिळे दादाच्या डब्यातले.

दादाचे बरोबर होते. हे अर्जदार नऊ वर्षांत प्रथमच कबूल करतो आहे, तेही आपल्याजवळ, कारण आपल्याकडे आवक क्रमांक पडतो आणि मग माघार घेता येत नाही.

त्या दिवसापासून दोघांत शब्द नाही. अलीकडचा रंधा थांबला की पलीकडचाही थांबतो, एवढेच दळणवळण. पहिल्याने कोणी बोलायचे यावर गाडे अडलेले. जावाजावांचे बोलणे मात्र एक दिवसही बंद पडलेले नाही. प्लायवूड हे पुरुषांपुरतेच होते.

७. दादा खेळाला आला तो वहिनीमुळे. ती त्याला म्हणाली, "सगळं गाव तुमच्या भावाचं रडणं बघून आलं. सख्खे म्हणून तेवढे तुम्ही राहिलात." पाचव्या रविवारी दिवे गेल्यावर दादा आत आला आणि अर्जदाराच्या मागच्या रांगेत बसला. अर्जदाराने वळून पाहिले नाही. खोकल्यावरून ओळखले.

परीक्षक पुढे, वह्या उघडून. दिवा अर्जदाराच्या तोंडावर. व्यवस्थापक भिंतीला टेकून हात जोडलेले. पडवी आली, म्हातारा आला, रंधा सुरू झाला. सभागृहात दोनशे माणसे होती आणि सगळी अर्जदाराकडे पाहत होती. पडद्याकडे पाहणारा एकच, दादा. चौथ्या का पाचव्या फटक्याला मागून आवाज आला :

"बघ, उलट्या अंगानं मारतोय लेकाचा!"

महोदय, अहवालात लिहिले आहे की, "एका इसमाने चित्रपटास उद्देशून शेरा मारला." हे चूक आहे. त्या सभागृहात रंधा धरणारी माणसे दोनच होती. एकाने म्हटले, तर ते दुसऱ्याला. पाच रविवार अर्जदार ते वाक्य तोंडात धरून बसला होता आणि सांगावे असे माणूस शेजारी नव्हते. ते माणूस मागे बसलेले निघाले. अर्जदाराला हसू फुटले. त्याने तोंड दाबले, तर ते नाकातून आले. मागे दादाच्या खुर्चीचा पाठीचा स्क्रू कुरकुरत होता, तो अर्जदाराने अजून पिळलेला नाही, म्हणजे दादाचेही अंग हलत होते. हे अहवालात नाही आणि कृपया घालू नये. मग सगळे सभागृह हसले, कारण आता कशाला हसायचे ते त्यांना कोणीतरी दाखवून दिले होते. एक परीक्षकही हसले. त्यांनी नंतर चष्मा पुसला.

दिवे लागण्याआधी दादा उठून गेला.

८. आता मुख्य विनंती. आपली नोटीस म्हणते की, थोरल्या बंधूंनी सात दिवसांत लेखी माफी द्यावी, दोघांनी समोरासमोर चौकशीस हजर राहावे, आणि माफी न दिल्यास बंधूंना सभागृहात कायमची बंदी. अर्जदाराला बंदीचे भय नाही. दादा तिथे परत जाणारही नाही. भय माफीचे आहे. दादाने नऊ वर्षांत एक वाक्य उच्चारले. त्या वाक्याला सरकारने गुन्हा ठरवले, तर दुसरे येणार नाही. आणि दुसरे वाटेवर आहे. परवा वहिनीने अर्जदाराच्या पत्नीला विचारले की, "हे विचारत होते, शेवटी त्या फळीचं काय झालं?" अर्जदाराने उत्तर राखून ठेवले आहे. म्हटले, ज्याला हवे त्याने येऊन विचारावे. तेव्हापासून अर्जदार दिवसातून दहा वेळा प्लायवूडपाशी जाऊन उभा राहतो, हातात काम नसताना रंधा उचलतो, ठेवतो, पाणी पितो, परत जातो. पलीकडेही पाऊल वाजते आणि थांबते.

अशा वेळी आपला शिपाई आला. दुकानाचा क्रमांक एकच असल्याने त्याने दोन्ही पाकिटे अर्जदाराच्याच हाती दिली. दादाच्या नावचे पाकीट अर्जदाराने पोहोचवलेले नाही. उघडलेलेही नाही. ते सोबत परत जोडले आहे. दुसऱ्याचे सरकारी पत्र अडवून धरणे हा अपराध असल्याचे टपालवाले काकांनी समजावून सांगितले. कोणते कलम लागते तेही तोंडपाठ म्हटले. अर्जदार तो अपराध मान्य करतो. चौकशी उद्या आहे. ती एकट्या अर्जदाराची करावी. माफी हवी असल्यास ती अर्जदार लिहून देतो, हवी तितक्या प्रतींत, परीक्षकांसमोर मोठ्याने वाचायलाही तयार आहे.

९. कोणी काय किंमत भरली ते पाहून निकाल व्हावा. चित्रपटवाल्याने काही भरले नाही. त्याचे बक्षीस त्याच्या घरी आहे आणि आपण हसलो की रडलो हे त्याला कधी कळायचेही नाही. व्यवस्थापकांनी "विशेष कला सभागृह" अशी पाटी आधीच रंगवून घेतली होती, ती त्यांनी स्वतः घासून काढली. त्यांच्यावर आणखी कारवाई करू नये. पत्नीच्या चपला खोक्यात परत गेल्या. गावाने पाच रविवार दिले, पण एकदा मनापासून हसले, त्यांचे फिटले. राहता राहिले दोघे भाऊ. पहिल्याने कोणी बोलायचे, ही किंमत नऊ वर्षे कोणाकडून सुटत नव्हती. ती दादाने भरली. अंधारात, लोकांदेखत, चूक त्याची नसताना. अर्जदाराला सगळे फुकट मिळाले. तेव्हा दंड करायचाच असेल, तर ज्याने अजून काहीच भरलेले नाही त्याला करावा.

दंडास पात्र आणि नम्र,

(सही)
धाकटा सुतार
दुकानाची डावी बाजू
दि. १९, सोमवार